तांबी आणि आत्याबाई

विट्याजवळच्या आमच्या वाडीत माझ्या सासूच्या, धोंडुबाईंच्या, म्हणजे माझ्या आत्याबाईंच्या, नादाला कुणी लागत नाही. सासरे परमुलखात गलाईच्या दुकानात सोनं आटवत राहिले आणि ह्या बाईनं इकडं एकटीनं शेरडं राखून पोरं वाढवली. आपण कधी रडलो नाही, हे त्या स्वतःच छाती काढून सांगायच्या. मला त्याचा लय राग यायचा.

माझा नवरा सूरजही गलाईवालाच. दिवाळीला तेवढा महिनाभर घरी असतो. माझी दोन्ही बाळंतपणं पोट फाडून झालेली. आता तिसरं राहिलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून दिवाळीच्या आत तांबी बसवून घ्यायला तालुक्याच्या दवाखान्यात गेले.

आत चिमटा लावला आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ओरडले, तर नर्स म्हणते, "दोन पोरं झालीत ना? मग एवढ्याशाला नाटकं कशाला?"

अगं बाई, ती पोरं पोट फाडून काढलीत, आणि तेव्हा भूल दिली होती. पण बोलायला शुद्ध कुठं होती मला? तांबी बसलीच नाही. 'परत या' म्हणून वाटेला लावलं.

घरी येऊन आडवी पडले आणि सांगून टाकलं, मी परत जाणार नाही. आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. आत्याबाई गरम फडकं घेऊन आल्या आणि माझं पोट शेकत बसल्या.

"मलाबी सरकारी कॅम्पात असंच केलं हुतं, पोरं बंद करायच्या ऑपरेशनला," त्या म्हणाल्या. "भूल चढायच्या आधीच कापलं. मी दात आवळून गप पडले, आन जलमभर तेच मिरवलं. उद्या मी येते तुज्यासंगं."

दुसऱ्या दिवशी त्या थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आवं बाई, दुखू नये म्हणून काय औषध हाय का न्हाई तुमच्याकडं?"

"आहे की. पण दोन मिनिटांचं काम, त्याला भूल कोण देत बसतंय?"

"मग ती दोन मिनिटं तुमी झोपा. मी बसिवते तांबी."

डॉक्टरीणबाईंनी नर्सला खूण केली. नर्सनं कपाट उघडलं. आधी गोळी दिली, बाहेर बसवलं, मग आत नेऊन गर्भपिशवीच्या तोंडाशी भुलीची सुई दिली. जराशी कळ आली, आणि तांबी बसली.

म्हणजे औषध होतं. मी ओरडत होते तेव्हाही त्याच कपाटात होतं, माझ्यापासून हातभर लांब. टेबलावरून उतरताना मला रडू फुटलं ते दुखण्याचं नव्हतं. असा संताप आला होता की नर्सकडं बघवत नव्हतं.

बाहेर बाकावर तांबीसाठीच आलेल्या आणखी बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, चला, एसटी जाईल."

"जाऊ दे," म्हणत त्या बाकावर टेकल्या, आणि शेजारच्या घाबरलेल्या पोरीला म्हणाल्या, "आत गेलीस की आधी सुई माग. न्हाई म्हणाली तर मला हाक मार. मी हितंच हाय."