मामींना समजेल असं बॅकगॅमन

बॅकगॅमनवर जगात जेवढी म्हणून पुस्तकं छापली गेली, ती सगळी कधी ना कधी लालबागेतल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत राहून गेली आहेत, असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. खोली माझ्या बायकोच्या मामांची. मामा तीस वर्षं परदेशी बोटींवर स्टुअर्ड होते. तिथे एका तुर्की इंजिनियरने त्यांना या खेळाचा नाद लावला. दोन फासे, प्रत्येकी पंधरा सोंगट्या, आणि ज्याच्या सगळ्या आधी फिरून बाहेर पडतील तो जिंकला. निवृत्त होऊन मामा घरी आले ते पटासकट, आणि दोन महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की मामींशी बोलायला आपल्याकडे भाजी आणि पाणी हे दोनच विषय आहेत. मामींनी आपल्याबरोबर खेळावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण मामी परळच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "तुमचं शिकवणं मला कळत नाही. नीट पुस्तक आणा."

तेव्हापासून मामांनी गिरगावातली रद्दीची दुकानं आणि दादरची वाचनालयं पालथी घातली, कुणाकुणाकडून लंडनहूनही पुस्तकं मागवली. पुस्तक हातात आलं की लेखक स्वतः हरलाय असा एक तरी डाव ते शोधत. नसला, तर पुस्तक मिटलं. "कधी हरलंय नाय म्हणणारो माणूस काय शिकवतलो, जावईबापू? तो नुसतो सांगतलो." आणि पुस्तकाने आधी प्रश्न घालायला हवा. मामा उत्तर जुन्या लग्नपत्रिकेने झाकत, आपली चाल कागदावर लिहीत आणि मगच पत्रिका उचलत. अशाच एका चालीवर ते अडले असताना माझ्या मेहुण्याचा साखरपुडा आला, तर मामा भर पंगतीत उसळीतले काळे वाटाणे सोंगट्यांसारखे मांडून बसले. वाढणाऱ्याला वाटलं, उसळ बिघडली.

मी त्यांच्या मोबाइलवर चुका दाखवणारं ॲप घालून दिलं. मामा पहिल्या दिवशी त्याच्याशी भांडले, मग आठवडाभर अबोला, मग मला फोन. "मशीन खरा बोलता. पण चूक कित्याक, ता सांगना नाय." मामांचा खेळ एव्हाना फार सुधारला होता, पण समोर कुणी नव्हतं. मामी प्रत्येक पुस्तक चार पानं वाचून परत देत. सगळी ज्यांना खेळ येतो त्यांच्यासाठीच लिहिलेली.

शेवटी मामांनी दोनशे पानी वही आणून स्वतःच मराठीत लिहायला घेतलं. मामी लाल पेन घेऊन बसल्या. 'सुरुवातीलाच तीन आणि एक पडले तर पाचवं घर बांधावं,' असं पहिलंच वाक्य, आणि पुढे लाल शाईत 'का?' पानोपानी तेच. उत्तरं देता देता मामांना सगळी पुस्तकं पुन्हा उघडावी लागली. आपण खरे शिकलो ते त्या लाल शाईवर, असं ते आजही कबूल करतात. उत्तरं तपासायला मामींना पटाशी बसावं लागलं, आणि त्या बसल्या त्या बसल्याच.

परवा दुपारी गेलो तेव्हा मामी नुकत्याच जिंकल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही बोटीवर होतात तेव्हाच शिकवलं असतंत तर पत्रांतून खेळलो असतो. एका पत्रात एक चाल."

"आणि फासे गो?"

"तुम्हीच टाकायचे, दोघांचे. माझा विश्वास होता की."

मामांनी दोन्ही फासे मामींच्या पुढ्यात ठेवले. मामी पुढच्या डावाच्या सोंगट्या लावत होत्या.