तिकिटाएवढी फट

काल मायक्रोमीटरच्या डबीतून बसचं जुनं तिकीट पडलं आणि चिंचवडमधली आमच्या मॉडेल रेल्वे क्लबची पत्र्याची शेड आठवली. आम्ही सगळे कारखान्याच्या टूलरूमवाले, केसाच्या अंशापर्यंत माप धरून हत्यारं घडवणारे. प्रदर्शनासाठी नवे रूळ टाकताना सांध्यांत केसाएवढीही फट ठेवली नाही, आणि त्याचा कोण अभिमान! आदल्या दुपारी पत्रा तापला आणि रूळ वाकडेतिकडे झाले. एका सभासदाचे सासरे, रेल्वेत जन्मभर रुळांची देखभाल केलेले निवृत्त गँगमन, पोट धरून हसले. "आवं, उन्हात रूळ हातपाय पसरतो. त्याला जागा नको व्हय?" त्यांनी खिशातलं तिकीट दुमडून सांध्यावर धरलं. "येवढी फट ठेवा." आम्ही शहाण्यांनी आधी त्या तिकिटाची जाडी मायक्रोमीटरने मोजली, मगच रूळ कापले. सकाळी इंजिन सांध्यांवरून खऱ्या गाडीसारखं खडखडत आलं, तसे सासरे सवयीने दोन पावलं मागे सरले. तिकीट मी परत डबीतच ठेवलंय. ते मापाचं हत्यार आहे.