मारित्ये मावशी आणि नदीपलीकडचा परदेश

आमच्या न्यूयॉर्कातल्या निम्म्या पोरांनी जगात आल्यावर पहिला धपाटा खाल्ला तो मारित्ये मावशीच्या हातचा. ही सुईण राहायची नदीपलीकडे, न्यू जर्सीत. देह पिंपासारखा, आवाज तोफेसारखा.

मी टोप्या शिवणारा, पण गुत्त्यात बसलो की मुत्सद्दी. तेरा राज्यं म्हणजे तेरा स्वतंत्र घरं. इंग्लंडचा राजा हाकलला तो काय इथे दुसरा बसवायला? तेराही राज्यांची मिळून एक सभा होती, काँग्रेस; ती आमच्याच गावात भरायची, राज्यांना विनंतीपत्रं पाठवायची, आणि राज्यं ती वाचून बाजूला ठेवायची. मला हे फार छान वाटे. सतराशे सत्त्याऐंशी साली आमच्या राज्याने जर्सीच्या मोठ्या होड्यांना परदेशी जहाजांसारखी जकात चौकीवर नोंद सक्तीची केली, तेव्हा मी टाळ्याही वाजवल्या.

त्याच उन्हाळ्यात केझियाला, माझ्या बायकोला, वेणा सुरू झाल्या. मूल पायाळू. निरोप मिळताच मावशी नवऱ्याच्या जळाऊ लाकडं वाहणाऱ्या मोठ्या होडीतून निघाली, आणि धक्क्यावर अडकली. कारकून म्हणाला, परदेशी जहाजांची रांग आहे, आधी जमैकाची साखर. नोंद होईपर्यंत कुणी उतरायचं नाही.

मी काँग्रेसकडे धावलो. तिथल्या सभासदाने मला बसायला खुर्ची दिली, हळहळला आणि म्हणाला, राज्याच्या जकातीत आमचं काही चालत नाही. फार तर विनंतीपत्र लिहितो.

परत धक्क्यावर आलो तर मावशी कारकुनाला पलीकडचा किनारा दाखवत होती.

"ते धुराडं दिसतंय का, बाळा? माझं आहे. चुलीवर वाटाण्याचं सूप ठेवून आलेय. परदेशी निघालेली बाई चुलीवर सूप ठेवते का?"

"कायदा आहे, मावशी."

"मग होडी ठेव तुझ्या कायद्याला. मी चालले."

आणि ती उतरली. कारकुनाने लाकडांसकट होडी जप्त केली. माझी पोर मात्र जिवंत जन्मली, केझियाही वाचली. मी होडीचा विषय काढला, तर मावशीने पोर माझ्या हातात दिली. "पोरीची मान नीट धर, मुत्सद्दी," एवढंच.

पुढच्या वर्षी नव्या राज्यघटनेसाठी मतं पडली. व्यापाराचा कायदा तेराही राज्यांना एकच असावा आणि तो करणाऱ्याच्या अंगात जोर असावा, असं म्हणणाऱ्यांना मी मत दिलं. गुत्त्यात मला राजेशाहीवाला म्हणाले. म्हणोत. मावशीला मत द्यायचा हक्क नव्हता. मी माझं तिच्या वतीने टाकलं.

घटना मंजूर झाली आणि जर्सीच्या होड्यांवरची जकात चौकी उठली. केझियाच्या दुसऱ्या बाळंतपणाला मावशी नव्या होडीतून उतरली ती थेट आमच्या दारात. केझिया अजून भांडी घासत होती.

"अगं, आता मलाच थांबायला लागणार," मावशी म्हणाली, आणि पसरून बसली. मी तिच्यासाठी सूप चढवलं.