भोसरीचे पोपटी पॅड

समजा, तुमच्या मागे पाच टनांचं घर धावतंय. घरात दोन पलंग आहेत, गॅसची शेगडी आहे, संडास आहे आणि बायकोने बरोबर घेतलेला कुकर आहे. तुम्ही घाट उतरताय. ब्रेक दाबला की तुमचा ट्रक थांबेल याबद्दल शंका नाही. प्रश्न एवढाच, की मागचं घर तुमच्याबरोबर थांबेल, की तुम्हाला ओलांडून पुढच्या मुक्कामाला आधी पोचेल. हा निर्णय तळहाताएवढे आठ तुकडे घेतात, त्यांना ब्रेकचे पॅड म्हणतात. आता निवडा बघू. सेमी-मेटॅलिक घ्याल, सिरॅमिक घ्याल, की मेहुण्याने भोसरीत बनवलेले घ्याल?

तिसरा पर्याय ऐकून हसू नका. टेक्सासमध्ये शुगर लँडला राहणाऱ्या मोरेश्वर खांबेटेपुढे २००६ साली हेच तीन पर्याय होते, आणि तो अजिबात हसत नव्हता.

मोरेश्वर पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. तेलविहिरींचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत सतरा वर्षं होता. बाहेरून येणारा माल तपासणं हे त्याचं काम. कागदावर एक धातू आणि हातात दुसराच, असं काही दिसलं की तो खूश व्हायचा. पकडलेल्या खोट्या सर्टिफिकेटांची एक फाइलच त्याने घरी ठेवली होती आणि जेवण झाल्यावर पाहुण्यांना तो ती लग्नाच्या अल्बमसारखी उलगडून दाखवायचा. हाच मोरेश्वर दर महाराष्ट्र दिनाला मंडळाच्या स्टेजवर चढून ‘भारतीय कारखानदारी जगात कुणालाही हार जाणार नाही’ असं ठणकावून सांगायचा आणि टाळ्या घेऊन आपल्या जपानी गाडीतून घरी जायचा.

ट्रेलर त्याने आदल्या वर्षी एका निवृत्त गोऱ्याकडून घेतला. फिफ्थ-व्हील म्हणतात तो प्रकार. ट्रकच्या हौद्यात एक जाडजूड कडी बसवायची आणि त्या कडीवर अख्ख्या घराचं नाक टेकवायचं. कॉलनीच्या नियमांत अशी घरं घरापुढे उभी करायला बंदी होती. त्यामुळे ट्रेलर हायवेजवळच्या भाड्याच्या यार्डात राहायचा आणि मोरेश्वर महिन्यातून एकदा, वृद्धाश्रमातल्या मामाला भेटावं तसा, त्याला भेटून यायचा. अशाच एका भेटीत त्याने चाक काढून बघितलं. ह्यूस्टनच्या दमट हवेने डिस्कवर गंज चढवला होता आणि पॅड झिजून दोन मिलिमीटर उरले होते.

इथवर सगळं सरळ होतं. घोटाळा झाला तो रविवारच्या फोनवर.

सुलेखाचा, म्हणजे मोरेश्वरच्या बायकोचा, धाकटा भाऊ जगन्नाथ. भोसरीला त्याचा पंधरा माणसांचा कारखाना, तीनचाकी टेंपोंचे ब्रेक बनवायचा. बोलता बोलता मोरेश्वर म्हणाला, “अरे जगू, इथे साध्या पॅडमध्ये दहा प्रकार आणि प्रत्येकाचा वेगळा तोरा. त्यापेक्षा तूच पाठव की बनवून!”

आता, मराठी माणसाला हे वाक्य कळतं. ‘जेवूनच जा ना’, ‘एकदा या निवांत’ या कुळातलं हे वाक्य. त्यावर समोरच्याने ‘हो, हो’ म्हणायचं आणि दोघांनी ते विसरायचं, असा शेकडो वर्षांचा अलिखित करार आहे. पण जगन्नाथने ते ऑर्डर म्हणून लिहून घेतलं. त्यालाही इलाज नव्हता. एका मोठ्या कंपनीने दिवाळीच्या तोंडावर त्याचं काम बंद केलं होतं आणि पॅड दाबायची प्रेस नुसती उभी होती. उभ्या प्रेसच्या मालकाला थट्टासुद्धा चौकशीसारखी ऐकू येते.

डिसेंबरात सुलेखा पुण्याला गेली ती एक झिजलेला पॅड नमुना म्हणून पर्समध्ये घालून. परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

“तुम्ही बघायला हवं होतं त्याला,” ती म्हणाली. “ऑफिसात भिंतीवर जगाचा नकाशा लावलाय. ह्यूस्टनवर टाचणी टोचलीये.”

“आणि बाकीच्या टाचण्या?”

“एकच आहे.”

शिवाय व्हिजिटिंग कार्ड नवीन छापलं होतं. नावाखाली ‘मॅन्युफॅक्चरर अँड एक्स्पोर्टर’. निर्यात: आठ नग.

मोरेश्वर पेचात पडला. हे पॅड नाकारायचे म्हणजे ती एकुलती एक टाचणी उपटायची, आणि तीही बायकोदेखत. लावायचे म्हणजे त्याच बायकोला ट्रकमध्ये बसवून पाच टन घर घाटातून खाली आणायचं. कारण मे महिन्यात जगन्नाथ स्वतः येणार होता आणि सगळ्यांनी न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत जायचं ठरलं होतं.

अशा वेळी इंजिनिअर जे करतो ते मोरेश्वरने केलं. त्याने एक्सेल उघडलं. चौदा रकाने पाडले: गरम झाल्यावर पकड किती, डिस्क किती खाणार, धूळ किती, आवाज किती. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ, पण जड ओझ्याच्या लांब उतारावर त्याचा भरवसा वाटेना. सेमी-मेटॅलिक कुरकुरणारं, डिस्क झिजवणारं, पण तापलं तरी धरून ठेवणारं. तीन आठवडे आकडेमोड करून सेमी-मेटॅलिक निघालं. यार्डाच्या म्हाताऱ्या राखणदाराने हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगितलं होतं. पण त्याच्याकडे रकाने नव्हते. मोरेश्वरने कॅटलॉगमधून आठ पॅड मागवले आणि जुन्या प्रिंटरच्या खोक्यात लपवले. भोसरीसाठी त्या चौदा रकान्यांत एक ओळसुद्धा नव्हती.

दरम्यान जगन्नाथची ईमेल आली: ‘ट्रेलरचे वजन किती व ताशी वेग किती, कृपया कळवावे.’ फेब्रुवारीत एकदा, मार्चमध्ये दोनदा. मोरेश्वर फार कामात होता. त्याला उत्तर द्यायला वेळ झाला नाही.

मे महिन्यात जगन्नाथ उतरला. बॅगेत वर मेतकूट, मध्ये कुरडया, तळाशी ब्रेक. विमानतळावर अधिकाऱ्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला ऐवज टेबलावर मांडला.

“व्हॉट इज धिस?”

“ब्रेक.”

“फॉर व्हॉट?”

“फॉर माय ब्रदर-इन-लॉ.”

अधिकाऱ्यालाही मेहुणा असावा. त्याने बॅग बंद करून दिली.

घरी आल्या आल्या जगन्नाथने आठही पॅड डायनिंग टेबलावर ओळीने मांडले. मागची लोखंडी पट्टी पोपटी रंगाची होती, इतकी पोपटी, की डोळे दिपावेत.

“आपली ओळख म्हणून,” जगन्नाथ म्हणाला. “साधा रंग नाही भाऊजी, पावडर कोटिंग आहे. भट्टीत भाजलेलं.”

मोरेश्वरने पॅड उचलला, वजन घेतलं, कडेवरून बोट फिरवलं. काम सुबक होतं. त्यामुळे त्याची आणखी पंचाईत झाली. मग त्याला हवं ते सापडलं, म्हणजे सापडलं नाही. “जगू, इथे कडेला दोन अक्षरं असतात. गार असताना पकड किती आणि गरम झाल्यावर किती, त्याची खूण. ती कुठे आहेत?”

“कुठली दोन हवीत?” जगन्नाथने उत्साहाने विचारलं. “सांगा ना, पंच करून देतो.”

सतरा वर्षं खोटी सर्टिफिकेटं पकडणाऱ्या माणसाच्या छातीत कळ आली. सुलेखा मात्र कौतुकाने म्हणाली, “बघा, नाही हा शब्दच नाही त्याच्याकडे!”

जगन्नाथला पॅड स्वतःच्या हाताने बसवायचे होते. “छे छे, पाहुण्याने हात काळे करायचे नाहीत,” म्हणत मोरेश्वरने रविवारी त्याला सुलेखाबरोबर स्पेस सेंटर बघायला पाठवलं. चंद्रावरचा दगड बघण्यात त्यांचा दिवस जाणार होता. इकडे मोरेश्वर प्रिंटरचं खोकं घेऊन यार्डात गेला.

तिथे त्याच्या लक्षात आलं की कॅटलॉगचे पॅड काळे आहेत, आणि चाकाच्या भोकांतून डोकावलं की कडा दिसते. जगन्नाथ तर डोकावणारच. तेव्हा मोरेश्वर दुकानात गेला आणि पोपटी रंगाचा स्प्रे घेऊन आला. घासायच्या बाजूला नीट टेप लावून त्याने आठही पॅडांच्या पाठी रंगवल्या. जगभर भोसरीच्या मालावर परदेशी शिक्के मारून विकणारे बरेच असतील. परदेशी मालाला भोसरीचा म्हणून खपवणारा हा बहुधा पहिलाच. तोही तपासणी खात्यातला.

राखणदार बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, “अरे, ब्रेकचा रंग कोण बघतं?”

“आमच्याकडे बघतात,” मोरेश्वर म्हणाला.

पॅड बसवले, पिना साफ करून त्यांना ग्रीस लावलं, ट्रेलर हायवेलगतच्या फीडर रोडवर नेऊन वीस वेळा थांबवून पॅड डिस्कवर बसू दिले. भोसरीचे खरे पॅड प्रिंटरच्या खोक्यात गेले. संध्याकाळी जगन्नाथने विचारलं, “बसले का?”

“चपखल,” मोरेश्वर म्हणाला. हे खोटं नव्हतं. कुठले ते जगन्नाथने विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी ते क्लाउडक्रॉफ्टला होते, डोंगराच्या माथ्यावर, देवदारांत. तिथून अलामोगोर्डोपर्यंत रस्ता सोळा मैलांत चार हजार फूट खाली येतो. सकाळी चहाचा कप हातात घेऊन जगन्नाथ ट्रेलरभोवती फिरला. मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला. मोरेश्वर खिडकीतून बघत होता आणि त्याच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. जगन्नाथने आत डोकावलं, चहाचा घोट घेतला, उठला, हात झटकले आणि येऊन पुढच्या सीटवर बसला.

“चला भाऊजी. आपल्या मालाची परीक्षा.”

“पट्टा लाव,” मोरेश्वर म्हणाला.

“आपले पॅड असताना पट्टा कशाला?” तो म्हणाला, पण मागून ताईने डोळे वटारल्यावर लावला.

उतार सुरू झाला. खंबाटकीचा घाट त्यापुढे सपाट वाटावा. मोरेश्वरने गिअर खाली टाकला आणि थोडाथोडा ब्रेक द्यायला लागला. प्रत्येक वेळी मागचं घर निमूटपणे ऐकायचं, आणि प्रत्येक वेळी जगन्नाथ मांडीवर थाप मारायचा.

“आहे का आवाज? ताई, ऐक, आहे का काही आवाज?”

“नाही रे!”

“थरथर?”

“अजिबात नाही!” सुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “अहो, तुम्ही बोला ना काहीतरी. बरं म्हणा त्याला.”

“छान आहेत,” मोरेश्वर म्हणाला. मंडळाच्या स्टेजवर त्याला कधी एवढं जड गेलं नव्हतं.

खाली, वाळवंट लागायच्या आत, एका पेट्रोल पंपावर ते थांबले. सुलेखा हात-पाय धुवायला गेली. जगन्नाथ उतरला आणि चाकापाशी गेला. चाकांतून उष्ण हवा येत होती, आणि तिच्याबरोबर जळक्या रंगाचा वास. स्प्रेचा रंग उतारभर तापून आता फुगून सुटत होता. जगन्नाथने एकदाच नाक वर करून वास घेतला. भट्टीपुढे वीस वर्षं काढलेला माणूस तो; भाजलेल्या कोटिंगला असा वास येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

“पॅड चांगले आहेत, भाऊजी,” तो म्हणाला. “कुणी बनवले?”

मोरेश्वर वाकून टायरची हवा बघायला लागला.

“रंग तेवढा तुमचा दिसतोय,” जगन्नाथ म्हणाला. “ताईला यातलं काही सांगू नका.” आणि आत जाऊन तो सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आला.

पुढचे चार दिवस तो हसला, फोटो काढले, तिथल्या वाळवंटातल्या पांढऱ्या वाळूत लोळला. जाताना विमानतळावर त्याने मोरेश्वरला वाकून नमस्कारही केला. शिवी दिली असती तर मोरेश्वरला झोप लागली असती.

जूनमध्ये मोरेश्वरने फेब्रुवारीच्या ईमेलला उत्तर दिलं. आकडे अचूक दिले: वजन पाच हजार किलो, ताशी वेग शंभर, सोबत उताराचा कोन, जो कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी जगन्नाथचं उत्तर आलं. ‘आकडे मिळाले. टेंपोचाच मसाला वापरला होता. एवढ्या वजनाला माझे ते पॅड उतारावर टिकले नसते. वजन आधी कळते तर मिश्रण वेगळे घेतले असते. आताही बनवून देतो. लावणार असाल तर कळवावे.’

हे पत्र आता तीन आठवडे मोरेश्वरच्या इनबॉक्समध्ये आहे. या खेपेला तो कामात नाही. प्रिंटरचं खोकं त्याने टेबलाखाली ओढून घेतलंय. मध्येच एखादा पोपटी पॅड काढून तो हातात फिरवतो, आणि ‘हो, लावतो’ असं लिहायला बसला की त्याच्यापुढे क्लाउडक्रॉफ्टची ती सकाळ येते: चाकापाशी उकिडवा बसलेला जगन्नाथ, एक घोट चहा, झटकलेले हात. वजन त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. तरी तो येऊन पुढच्या सीटवर बसला होता, आणि सोळा मैल मांडीवर थापा मारत होता.

तो एवढा निर्धास्त बसला होता, तो पॅड आपले आहेत म्हणून, की आपले नाहीत हे बघून?