ज्याला आठवत नाही त्याची भाकर

ह्यांना प्रभूभोजन द्यायचं की नाही, यावर म्हणे मीटिंग! ऐकूनच माझं डोकं फिरलं.

आमचे हे, मोहन, मूळचे नगरचे. जर्मनीत नेकारसुल्म गावी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथेच निवृत्त झाले. स्वभाव हट्टी, रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट हवाच. इथली मराठी मंडळी ह्यांनीच जमवली. महिन्यातून एकदा लूथरन चर्चचा हॉल भाड्याने घेतो, मराठीत गातो, येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून घेतो, तेच प्रभूभोजन. भाकरीचं ताट फिरवायचं काम वर्षानुवर्षं ह्यांचंच. आता डिमेन्शिया. मला कधी ओळखतात, कधी ताई म्हणतात.

गेल्या महिन्यात भाकर हातात घेऊन ह्यांनी मोठ्याने विचारलं, "यात मीठ नाही घातलं?" पोरं खुदखुदली. झालं! आमचा सेक्रेटरी विलास, ज्याला इथलं पहिलं घर ह्यांनीच शोधून दिलं होतं, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, राग मानू नका. हे आपण प्रभूच्या स्मरणासाठी घेतो. काकांना स्मरणच उरलं नाही, तर देऊन काय उपयोग?"

"आणि तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुला काय कळत होतं रे? पाळण्यात होतास!"

"तेव्हा आईवडिलांचा विश्वास होता."

"मग इथे बायकोचा आहे की! तो चालत नाही?"

"आल्झो... तर मग, मीटिंगमध्ये बोलू."

मीटिंगमध्ये बोलू! जर्मनीत येऊन एवढं एकच शिकला मेला.

मी त्या लूथरन चर्चच्या पास्टोरीनला, म्हणजे पाळक बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "आमच्यात या भाकरीतून ख्रिस्त स्वतःला देतो. घेणाऱ्याची परीक्षा घेणारे आम्ही कोण? देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवलाय. माणूस विसरला म्हणून ते पुसलं जात नाही." विलासला हे सांगितलं, तर म्हणतो, "त्यांचं वेगळं, आपलं वेगळं." भाकरीत ख्रिस्त स्वतः असतो की ती नुसती आठवण, हे या पंथांचं पाचशे वर्षांचं भांडण, आणि उपाशी कोण, तर माझा नवरा!

मीटिंग अजून व्हायचीच होती, तरी परवाच्या रविवारी ह्यांचं ताट विलासच्या हातात होतं. मला भाकर दिली आणि ह्यांना वगळून सरळ पुढच्या खुर्चीकडे वळला. मी माझा तुकडा ह्यांच्या हातावर ठेवला. "अहो, घ्या."

विलास थबकला. ह्यांनी तुकड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ओळखलं नव्हतंच.

"अगं, हा मुलगा मघापासून सगळ्यांना वाढतोय," मला म्हणाले. "ह्याने स्वतः काही खाल्लं का?" आणि तुकडा मोडून अर्धा त्याच्यापुढे धरला.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. विलासला ताट खाली ठेवून तो तुकडा घेता आला असता.

"काकू, सगळे बघतायत," एवढंच तो पुटपुटला आणि पुढच्या खुर्चीकडे गेला.

हे तसेच हात पुढे करून बसून राहिले. हात दुखेल म्हणून शेवटी मीच तो खाली घेतला.