वाकळेला लावलेली कात्री

आमची वाकळ भिंतीवर टांगली होती आणि तिच्या मधोमध फुलाफुलाचं कापड होतं. ते आमचं नव्हतं.

आई जवळ गेली. बोटांनी चाचपून म्हणाली, "ही शिवण माजी न्हाय."

कोल्हापुरातलं प्रदर्शन. दोन हजार साल उलटलं होतं, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. ज्या बाईंनी ते भरवलं त्यांना आई वर्षानुवर्षं वाकळा शिवून द्यायची. जुनी लुगडी त्यांची, हात आईचे. मी फ्रॉकात असल्यापासून बघत आले, बाई वाकळेची घडी आईच्या हातून घ्यायच्या नाहीत. "कट्ट्यावर ठेव. ऊन लागू दे आधी." आई ठेवायची.

ही वाकळ मात्र आमच्या घरातली. प्रदर्शनापुरती मागून नेलेली. तिच्यात वडिलांचा खाकी सदरा होता, हमाली करताना खांद्यावर फाटलेला. माझ्या मेलेल्या भावाचं झबलं होतं. आणि मधोमध आजीचं निळं लुगडं. धम्माची दीक्षा घेतल्यावर पहिल्या जयंतीला आजी ते नेसली, आणि त्याच आठवड्यात पाटलाच्या दारात जाऊन सांगून आली, मेलेलं ढोर आता आम्ही ओढणार नाही. आमच्या घरात लिहिता येणारी मी पहिली. त्याआधीचं सगळं त्या वाकळेत होतं.

मी बाईंना विचारलं, "निळा तुकडा कुठाय?"

"अगं, तो काढला. डोळ्यात खुपत होता. लोक इथं कला बघायला येतात. त्यात तुमचं ते राजकारण कशाला?"

"तुकडा कुठाय?"

बाईंनी खिडकीकडं बोट केलं. तिथं पडला होता. काचा पुसून काळा झालेला.

आई म्हणाली, "जाऊ दे पोरी. चल." कट्ट्यावर घडी ठेवताना असायचा तोच आवाज. तो ऐकून माझं डोकं फिरलं.

मी खुर्चीवर चढले. खिळे उपटले. हाताला रक्त आलं.

"काय करतेस? उतर खाली! आईला तरी विचार!"

मी आईकडं बघितलं. आईनं खालून वाकळेचं टोक धरलं. म्हणाली, "ओढ."

लोक बघत होते. बाई तेवढ्या ओरडल्या, "आता दारातसुद्धा उभं करणार नाही तुम्हाला!"

आई वळली. "आत तरी कवा घेतलासा?"

काम तुटलं. आई उसात भांगलायला जाऊ लागली. कंबर गेली, पण पुन्हा त्या बाईंकडं गेली नाही.

मी आता वस्त्यावस्त्यांवर फिरते. वाकळ पुढ्यात पसरायला लावते. हे कुणाचं, हे कधीचं, बायकांना विचारते आणि लिहून घेते. नावागावासकट. गावानं काय केलं तेही, करणाऱ्याच्या आडनावासकट. आमचेच काही म्हणतात, जुनं कशाला उकरतीस?

उकरणारच. ज्यांना ऐकवत नाही त्यांनी कान झाकावेत. मी आवाज खाली करणार न्हाय.