दिवाळीआधीचं निवेदन

तरुणपणी मी लई शहाणी होते, म्हणूनच भर कचेरीत माती खाल्ली. दुकानांपुढचा खोदलेला रस्ता दिवाळीआधी नीट करा, असं निवेदन घेऊन आमची व्यापारी संघटना लातूरच्या मोठ्या साहेबांकडे गेली होती. साहेबांनी विचारलं, "धंदा कसाय?"

मी नवी साडी सावरत म्हणाले, "झकास! दुप्पट झालाय!"

सगळ्यांचे चेहरे पडले. संघटनेतले एक म्हातारे, ज्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, चष्मा कपाळावर चढवून थंडपणे म्हणाले, "साहेब, ह्या बाई चपला विकतात. तुमच्या खड्ड्यांत रोज लोकांच्या चपला तुटत्यात."

साहेब खो-खो हसले आणि तिथंच रस्ता नीट करायचा हुकूम दिला.

जिन्यात मी माफी मागायला गेले, तर म्हातारे म्हणाले, "ताई, रस्ता झाला की तुमचा धंदा बसंल. तवा तुमच्यासाठी येगळं निवेदन देऊ."